देव दाखवा, हॉल घ्या

"फोटो खाली घ्या," ऑर्डनुंग्सआम्टचा, म्हणजे इथल्या जर्मन नगरपालिकेच्या बंदोबस्त खात्याचा, माणूस ओरडला. आमची बुद्धवंदना अर्ध्यावर होती.

मी घेतला नाही. उलट दोन्ही हातांनी धरला. त्यानं माझं मनगट पिरगाळलं. त्याच्या सोबत्यानं मला भिंतीवर आपटलं. बाबासाहेबांच्या फोटोची काच माझ्या तळहातात फुटली. पांढऱ्या साडीवर रक्त. हॉलच्या चकचकीत लाकडी जमिनीवर रक्त. हॉलचा व्यवस्थापक आधी जमिनीकडे धावला.

नागपूरहून आलेली माझी आई थांबली नाही. "धम्मं सरणं गच्छामि." आवाज चढत होता.

थोड्याच वेळापूर्वी याच व्यवस्थापकानं मला विचारलं होतं, "फोटोतला माणूस तुमचा देव?"

"नाही."

"मग ती मूर्ती?"

"तो बुद्ध. तोही नाही. आम्ही देव मानत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. देव नाही, म्हणजे धर्म नाही. धर्म नाही, म्हणजे राजकीय सभा. राजकीय सभेला हॉल नाही. अडीच हजार वर्षं त्यानं उभ्या उभ्या निकालात काढली आणि बंदोबस्त खात्याला फोन लावला.

पुढे शहराच्या नगरपालिकेनं आम्हाला हॉलबंदी केली. मग इथल्या भारतीय मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. भारतीयांबद्दल काही अडलं की नगरपालिका यांनाच विचारते. यांचा गणपती त्याच हॉलमध्ये बसतो.

"ताई, कशाला ताणता? लिहून द्या, बुद्ध हा विष्णूचा अवतार. देव झाला, धर्म झाला! वैशाख पौर्णिमेला हॉल मिळवून देतो. आणि तुमचा नागरिकत्वाचा अर्ज अडकलाय ना अजून?"

हाताला टाके होते. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा माझ्या आजोबांनी नागपूरला बाबासाहेबांसमोर उभं राहून घेतली होती. ती एका हॉलसाठी मी मोडायची होती.

"लिहून देते," मी म्हणाले. "कोर्टाला."

माझ्या वकीलबाईंनी मारहाणीची फिर्याद दिली. हॉलबंदीविरुद्ध फरवाल्टुंग्सगेरिष्टात, म्हणजे प्रशासनाला जाब विचारणाऱ्या कोर्टात, तातडीचा अर्ज टाकला. आधार जर्मन राज्यघटनेच्या चौथ्या कलमाचा, धर्मस्वातंत्र्याचा. त्यात देवाची अट नाही.

"हरलात तर वरचं कोर्ट, शेवटी कार्ल्सरूहेचं घटना न्यायालय," त्या म्हणाल्या. "वर्षं जातील. मधेच शहर तडजोडीला येईल. फोटोशिवाय वंदना करा म्हणेल."

"येऊ दे. नाही म्हणून सांगा."

पौर्णिमेला वंदना त्याच हॉलमध्ये होईल. कोर्टाचा आदेश उशिरा आला, तर दारासमोर, रस्त्यावर. बाबासाहेबांचा फोटो पुढे, मी त्याच्याही पुढे. एक मनगट पिरगाळून झालंय. दुसरं शाबूत आहे.