बोक्याचा हात

आमचा बोका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढला. नगरच्या रहदारीची आम्हालाच धास्ती, म्हणून त्याला कधी जिन्यातसुद्धा सोडला नाही. तो लठ्ठ झाला आणि रिकामपणी पडदे फाडू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. म्हणाले, “आजार काही नाही. कंटाळलाय. खेळवा, काहीतरी शिकवा त्याला.”

मांजराला शिकवतात कसं, ते मी मोबाईलवर पाहिलं. त्यानं हवं ते केलं की त्याच क्षणी ‘टक्’ असा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाजासाठी मी बॉलपेन घेतलं, खाऊ म्हणून सुकट. पंजा माझ्या हातावर ठेवला की टक्, मग सुकट. बोक्यानं याचा उलटाच अर्थ लावला. पेन वाजलं की जाऊन हात द्यायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

माझे सासरे तेव्हा श्रीगोंद्याहून आले होते. नणंद नोकरीमुळे आमच्याकडेच राहायची आणि तिला बघायला मंडळी येणार होती. सासऱ्यांनी आमची शिकवणी दोन दिवस निमूट पाहिली.

“बैलाला शिकवत्यात ते गाडीला जुंपायला,” ते म्हणाले. “ह्याला कशाला जुंपनार तुमी?”

“आबा, तेवढाच त्याला विरंगुळा.”

“बरं हाय त्याचं.”

पाहुणे पुणतांब्याहून आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. बोलणी मामाच करणार हे उघड होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, नणंदेकडे पाहिलं आणि विचार करत पेनचं बटण दाबलं.

कपाटावरून बोका उतरला. मामांसमोर येऊन बसला आणि त्यानं पंजा पुढे केला.

मामांनी शिक्षण विचारलं. पेन पुन्हा वाजलं. बोक्यानं पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“हे काय म्हणतंय?” मामांनी विचारलं.

“हात मागतोय,” सासरे गंभीरपणे म्हणाले. “द्या की.”

मामांनी हात दिला. बोका सुकटीची वाट पाहत राहिला. मी वाटी आणली, तर मामांनी गळ्यातली माळ दाखवली. “मी माळकरी. हे हातात धरणार नाही.” त्यांना शेव देऊन पाहायला सांगितलं. बोक्यानं ती हुंगून सोडून दिली.

शेवटी असं ठरलं की पेन मामांनी वाजवायचं आणि सुकट मुलानं द्यायची. मुलगा सतरंजीवर उतरला. दोनचार वेळा झाल्यावर बोका थेट मुलालाच हात देऊ लागला. मामा दुखावले.

“वाजवतोय मी, आणि हात याला?”

“देणाऱ्यालाच देणार तो,” नणंद म्हणाली. साडी सावरून तीही खाली बसली आणि मुलाला सांगू लागली, “लांबून टाकू नका. तळहातावर ठेवा.”

पोहे गार झाले. मामांनी पुढे काही विचारलंच नाही. मुलाची आई मला बोका रात्री कुठे झोपतो ते विचारत राहिली. निघताना मामांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि बोक्याचा हात हातात घेतला.

दार लागल्यावर सासरे खुर्चीत बसले. “पोरगं लग्नानंतर नगरला ऱ्हानार का पुणतांब्याला? इचारलं का कुनी?”

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं माझ्याकडे. एवढी महत्त्वाची गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो.

“नगरला,” नणंद सतरंजी झटकत म्हणाली. “एमआयडीसीत नोकरी लागलीये त्याची. सकाळी लवकर जातो, डबा स्वतः करतो. पालक आवडत नाही.”

“तुला कधी सांगितलं हे?”

“सुकट देताना.”

संध्याकाळी सासऱ्यांनी पुणतांब्याला फोन लावून होकार कळवला.