खिशात किल्ली, दारात बेल

मावशी पडदे शिवायच्या. परदेशातून शिकायला आलेला पोरगा त्यांच्याकडे राहायला आला, त्याच दिवशी त्यांनी त्याच्या हातात घराची किल्ली ठेवली. "आजपासून हे घर तुझं," म्हणाल्या. किल्ली दिली की त्यांच्या लेखी सगळं आलं.

पोरगा गुणाचा होता, पण एका खोडीनं त्यानं मावशींना जेरीस आणलं. रोज चार वाजता कॉलेजातून आला की किल्ली खिशात असताना बेल वाजवायचा. शिवणयंत्र वरच्या मजल्यावर. हातातलं टाकायचं, ओठांत धरलेल्या टाचण्या काढायच्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चौदा पायऱ्या उतरायच्या. दारात हा, हसतमुख.

"जावयाचासुद्धा एवढा थाट नसतो," त्या मनाशी पुटपुटायच्या.

नवरा बसचालक, आठशिवाय घरी यायचा नाही. "विसरत असेल गं," तो म्हणाला. रोज बरोबर चारला कोण विसरतं? मावशींच्या मनानं घेतलं, की याला हे घर परकंच वाटतं. फार लागलं त्यांना ते. दोन महिने गिळलं, मग त्या कॉलेजच्या कचेरीतून अर्ज घेऊन आल्या. मुलाची दुसऱ्या घरी सोय करावी म्हणून.

अर्जावर त्याची सही हवी होती. दार उघडताच मावशींनी कागद पुढे केला. त्याचा चेहरा उतरला.

"माझं काय चुकलं?"

"किल्ली आहे ना तुझ्याकडे? बेल परक्याच्या घरी वाजवतात."

"घरी आई दार उघडते. 'आलास?' म्हणते, बस्स. ते ऐकलं की दिवस संपतो. स्वतःच कुलूप काढून आत आलो, की वाटतं आपण आलेलं कुणाला कळलंच नाही." मग खाली बघत म्हणाला, "तुमचे गुडघे लक्षातच आले नाहीत माझ्या."

मावशी वर जाऊन शिवायला बसल्या, तर शिवण वाकडी गेली. एकतीस वर्षं त्या हे कुलूप स्वतःच काढत आल्या होत्या. नवरा वाईट नव्हता, वेळाच जुळत नव्हत्या. आपल्याला कुणी 'आलीस?' म्हणावं, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आता सुचलं, तर मनातून जाईना. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पडद्यांची मापं लिहून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा किल्लीनं यायला लागला, पाय न वाजवता. चार वाजले की मावशींचे कान मात्र उगाच दाराकडे लागायचे.

आठवड्यानं गिऱ्हाइकाकडे पडदे पोचवून त्या साडेचारला परतल्या. किल्ली पर्समध्येच होती. जरा घुटमळल्या, शेजारी कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि बेल दाबली.

जिन्यावरून धाडधाड पावलं उतरली.

"आलात मावशी?"

"आले रे बाबा," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. ती झाली की तो त्याच्या आईकडे जाणार होता.