डाळिंबाची वेल आणि मुका कॉम्प्युटर

भूतबित मी मानत नाही. सोलापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद पडलं की त्यामागे एक तर धूळ असते, नाहीतर मालकाचा हुशार भाचा. तिसरं कारण मी पाहिलं नव्हतं... गेल्या खंडेनवमीपर्यंत.

मागच्या गल्लीत लक्ष्मीअक्कांचे दोन यंत्रमाग आहेत. त्यांचे यजमान मल्लय्यामामा चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचे. वर्षापूर्वी मामा गेले. त्यांचं शेवटचं डिझाइन — डाळिंबाची वेल — मागावर चढायचं राहिलं, आणि ते होतं फक्त त्या जुन्या डेस्कटॉपमध्ये. दसऱ्याला अक्कांना त्यानंच माग सुरू करायचा होता.

मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ — हार्ड डिस्क सापडत नाही.

"दहा मिनिटं, अक्का," मी म्हणालो.

दुपार झाली. रॅम पुसली, सेल बदलला, बायोसमध्ये शोधलं. डिस्क ढिम्म. मधेच स्क्रू घरंगळला, तो शोधायला मागाखाली शिरलो आणि डोकं आपटून घेतलं.

"दहा मिनिटं झाली न्हाईत का ओ अजून?" अक्कांनी विचारलं.

डिस्कला दोन वायरी असतात. एक विजेची, एक डेटाची; डेटाची नसली तर मशीनला डिस्क दिसतच नाही. डेटाची केबल मला खराब वाटली, म्हणून काढून खिशात घातली. तशीच नवी आणायची होती. तेवढ्यात अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

"आता पूजा. चालू करा ते."

"अजून झालं नाही, अक्का."

"नुसता आवाज काढा की. मुकं यंत्र पुजायचं न्हाय, म्हणायचे आमचे हे."

मी बटण दाबलं. पंखा घरघरला. अक्कांनी कुंकू लावलं, ओवाळलं... आणि विंडोज उघडली. अक्कांनी दाखवलेल्या फोल्डरमध्ये डाळिंबाची वेल, पानाफुलांसकट.

केबलचं मी साफ विसरलो होतो. त्यामुळे छाती काढून म्हणालो, "लूज कॉन्टॅक्ट होता. आपला हात लागला की होतं." सगळी डिझाइनं पेनड्राइव्हवर घेतली, झाकण लावलं आणि पुरणपोळीवर ताव मारला.

संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना बायकोनं विचारलं, "खिशात हे काय आणलंत?"

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायच्या निमित्तानं अक्कांकडे पळालो. झाकण उघडलं. डेटाच्या केबलची जागा रिकामी. चालू केलं — डिस्क सापडत नाही. केबल लावली, तरी नाही. नवी केबल, दुसरा कॉम्प्युटर... नाहीच. अक्कांच्या मशीनच्या डब्यात दुसरी डिस्क असेल म्हणून हात घालून पाहिलं. नव्हती.

पलीकडे माग खडखडत होता आणि वेल बोटबोटभर पुढे सरकत होती.

"तुमच्या हाताला गुण हाय बघा," अक्का म्हणाल्या. डोळे मात्र मागावरच. मी मान डोलावली.

पहिली चादर त्यांनी मला दिली. ती दुकानात काउंटरमागे टांगली आहे. गिऱ्हाइकानं विचारलं की मान ताठ करून सांगतो — डिझाइन आमच्या मामांचं, डेटा काढला आम्ही. कसा काढला, असं कुणी विचारलं, की मी चहा मागवतो.