जसिंताच्या पप्पांचं गाणं

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. मिलिंदपाशी नाही — आणि नवऱ्याला मी काय काय ऐकवते हे त्याला विचाराल तर तो दोन्ही कानांत बोटं घालील. आईपाशी नाही. संध्याकाळी देवापुढे उभी राहते तेव्हासुद्धा मी बाकी सगळं बोलते आणि नेमकं हेच गिळते. देवाला काय, कळत नसेल? पण कळणं वेगळं आणि आपल्या तोंडाने सांगणं वेगळं.

धुक्यापासून सुरुवात करते, कारण मला आठवतं तेही धुक्यातूनच आठवतं. अबुधाबीत हिवाळ्यात काही सकाळी असं धुकं उतरतं की समोरची इमारत नाहीशी होते, मशिदीचे मिनार नुसतेच वर तरंगत राहतात, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे कुणीतरी दुधात सोडल्यासारखे दिसतात. अशाच एका सकाळी जसिंता आणि मी शाळा बघायला निघालो होतो. गाडी ती चालवत होती. मागे आमच्या दोघींच्या मुली, माझी ईरा आणि तिची रेचल, एकाच ब्लँकेटखाली झोपल्या होत्या.

जसिंता वसईची. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात. तिचा नवरा ऑफशोअर तेलविहिरीवर, महिनाभर समुद्रात आणि महिनाभर घरी. त्यामुळे तिचा निम्मा संसार माझ्या घरात आणि माझी निम्मी भांडी तिच्या घरात असायची. दिवाळीला माझ्या चकल्या तिच्याकडे, नाताळला तिचे तळलेले गोड कुलकुल माझ्याकडे. परदेशात बहीण मिळते ती अशी, समोरच्या दारात. त्या शाळेचा पत्ताही तिनेच काढला होता, चर्चमध्ये कुणाकडून तरी कळलं म्हणून. ‘अगं वैशाली, तूपण चल, पोरी एकत्र राहतील,’ असं म्हणून मला ओढून नेलं होतं. हे लक्षात ठेवा. मला तिने नेलं होतं.

शाळा एका जुन्या व्हिलात होती. अंगणात बोगनवेल, दोन खजुरीची झाडं, आत पाच-सात वर्ग. कुठल्या मोठ्या संस्थेची नव्हे, काही कॅथलिक कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःच उभी केलेली. मुलं कुठल्याही धर्माची चालत. भिंतींवर स्क्रीन नाहीत, मुलांच्या हातात टॅब नाहीत. जुन्या काळी युरोपात शिकवत तसं शिकवायचे — आधी भाषेचं व्याकरण, मग तर्क, मग चारचौघांत उभं राहून नीट बोलणं. लॅटिन होतं. आणि पाठांतर — भरपूर. आम्ही व्हरांड्यातून जात असताना एका बंद दारामागून मुलांचा आवाज आला, सगळी मिळून लॅटिनमध्ये काहीतरी म्हणत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण पाय जागच्या जागी थांबले. अर्धवट झोपेत असताना माजघरातून मोठ्या माणसांचं बोलणं ऐकू येतं ना — तसं वाटलं. मी तिथेच ठरवलं, ईरा इथेच.

घरी मिलिंद म्हणाला, “लॅटिन शिकून ही काय अबुधाबीत मंगलाष्टकं म्हणणार आहे का?” मग फीचे दिरहम मोठ्याने रुपयांत करून दाखवले आणि सोफ्यावर आडवा झाला. मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, ते सांगायला जरा लाज वाटते. माझ्या पोरीला काहीच पाठ नव्हतं. दिवेलागणीची प्रार्थना नाही, एक श्लोक नाही, एक बडबडगीत नाही. तिला पाठ होत्या त्या व्हिडिओमधल्या जाहिराती. आणि दोष तिचा थोडाच? मराठी बोलली तर नर्सरीत मागे पडेल, म्हणून मीच तिच्याशी जन्मल्यापासून मोडकंतोडकं इंग्रजी बोलत आले. आता तीच पोकळी भरायला मी लॅटिनच्या दारात उभी होते! हसा तुम्ही. मलाही कधी कधी हसू येतं.

पण मी भलतीकडे चाललेय. परतीच्या वाटेवरच्या गाडीत यायचंय मला.

धुकं अजून उठलं नव्हतं. त्या मुलांच्या आवाजाने जसिंता कुठेतरी दूर गेली होती. मग ती आपोआप बोलायला लागली, रस्त्यावरची नजर न काढता. तिचे पप्पा वसईत केळीची वाडी करायचे. लहानपणी चर्चमध्ये फादरना मदत करताना लॅटिन गाणी शिकले होते, आणि पुढे चर्चमध्ये सगळं मराठीत आलं तरी त्यांची ती गाणी सुटली नाहीत. पहाटे केळींना पाणी सोडायला जायचे. एका आळ्यातलं पाणी कुदळीने दुसऱ्या आळ्याकडे वळवायचं आणि तेवढ्यात एक ओळ म्हणून संपवायची. पाणी वळलं की पुढची ओळ. जसिंता बांधावर फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसायची. एकदा तिने विचारलं, “पप्पा, याचा अर्थ काय?” तर ते म्हणाले, “अर्थ देवाला ठाऊक. माझ्याकडे फक्त चाल दिलीय सांभाळायला.”

ती हे सांगत होती आणि मला हेवा वाटला. माझे बाबा ठाण्यात बँकेत होते. भला माणूस. पण घरी यायचे, पेपर वाचायचे, जेवायचे, झोपायचे. त्यांनी मला कशाची चाल सांभाळायला दिली? आज वाटतं, दिली असेलही, मी बघितलं नसेल. त्या दिवशी मात्र मला जसिंताचे पप्पा हवे होते.

आठवड्याभराने शाळेने पालकांना भेटायला बोलावलं. आधी माझी वेळ, दोन दिवसांनी जसिंताची. जागा दोन होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा आमच्यात चढाओढ मुळीच नव्हती. हेही लक्षात ठेवा. मी उपाशी नव्हते आणि ताट एकच नव्हतं.

मुख्याध्यापिका केरळच्या, पिकल्या केसांच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’च म्हणायचे. मिलिंदला ऑफिसातून निघता आलं नव्हतं, मी एकटीच ईराला शेजारी घेऊन बसले होते. त्यांनी ईराला काही विचारलं नाही, परीक्षा नाही की काही नाही. मला म्हणाल्या, आमची एक पद्धत आहे. प्रत्येक घराला आम्ही एकच विचारतो — तुमच्या घरात काय पाठ आहे आणि ते तुमच्याकडे कुणाकडून आलं?

दिवेलागणीची प्रार्थना म्हणता आली असती. फार सामान्य वाटली. खरं सांगता आलं असतं, की बाई, आमच्या घरात काही पाठ नाही, म्हणून तर आलेय. त्यांनी कदाचित तेवढ्यावरच घेतलं असतं. पण खिडकीबाहेर ते पांढरं ऊन होतं, एसीचा एकसुरी आवाज होता, आणि मी बोलायला लागले. मी म्हणाले, माझे वडील कोकणात पोफळींच्या बागेला पहाटे पाणी लावायचे...

केळी काढल्या, पोफळी घातल्या. लॅटिन काढलं, संस्कृत घातलं. बांध तसाच राहू दिला. फ्रॉकसुद्धा. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, बोलता बोलता मला ते दिसत होतं. पोफळींचे सरळ बुंधे, त्यांच्यामधून वळणारं पाणी, त्यात पडलेलं अर्धं आकाश. मी आयुष्यात कधी पोफळीला पाणी लावताना पाहिलेलं नाही! पण माझा आवाज भरून आला, तो नाटकी नव्हता. शेवटी मी ते वाक्यही बोलले — अर्थ देवाला ठाऊक, माझ्याकडे फक्त चाल दिलीय. बाईंनी चष्मा काढला आणि डोळे टिपले.

घरी परतले तर आमच्या मजल्यावर लिफ्टपाशी जसिंता वाटच बघत होती. “काय काय विचारलं गं?” मी म्हणाले, “विशेष काही नाही. असंच, घरचं.” मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आनंदाने म्हणाली असती, मग मी पप्पांचं सांगते. मग मी काय तोंड दाखवणार होते? मनाशी म्हटलं, तिला काय, ती तर त्यांच्यातलीच आहे, तिला कशावरही घेतील. हे मी स्वतःला इतकं गोड आवाजात सांगितलं की मला झोपही छान लागली.

हाच गुन्हा, असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही बरेच दिवस तसंच वाटायला आवडायचं. उसनी आठवण घेतली, तोंडून निघून गेली — होतं माणसाचं. पण नाही. अजून आहे.

पुढच्या आठवड्यात ईराच्या युनिफॉर्मचं माप द्यायला गेले, तेव्हा बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. त्याच बंद दाराशी. आतून मुलांचं पाठांतर चालू होतं. त्या फार संकोचून म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीनेही आम्हाला अगदी हीच गोष्ट सांगितली, फक्त तिच्यात केळी आहेत आणि लॅटिन आहे. शेवटचं वाक्यसुद्धा तेच. मला कुणावर अन्याय करायचा नाही, पण आम्ही इथे मुलांना दुसऱ्याचे शब्द पाठ करायला शिकवतो, ते आपले म्हणून खपवायला नाही. मग माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “ती गोष्ट तुमच्या घरची आहे, हो ना?”

खडसावून नव्हतं विचारलं. मायेने विचारलं होतं. आत मुलांची एक ओळ संपली आणि पुढची सुरू व्हायच्या आधी जरा शांतता झाली. त्या शांततेत मला सगळं नीट करता येत होतं. नंतर गोंधळ झाला असता, लाज गेली असती, ईराची जागाही कदाचित गेली असती. एवढंच ना?

मी म्हणाले, “हो.”

हे ते. एवढा एक शब्द. घाबरले, म्हणून म्हणाले. आणि नुसती घाबरले असं नाही — त्या क्षणी ती गोष्ट माझीच असावी असं मला मनापासून वाटत होतं. ती परत द्यायची नव्हती मला.

रेचलला घेतलं नाही. जसिंताला छोटीशी सभ्य मेल आली, कारण काही नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, हातातला करक, इथला तो वेलचीचा कडक चहा, तसाच गार होऊ दिला, आणि म्हणाली, “मी पप्पांचं सांगितलं गं त्यांना. गावठी वाटलं असणार. उगाच सांगितलं. मातीत हात घालणारा माणूस, त्याचं कसलं आलंय लॅटिन.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, मीच. याच हाताने. रेचल मग एका मोठ्या शाळेत गेली, हजार पोरांच्या, आणि तिचं तसं ठीक चाललंय. पण त्यानंतर जसिंताने वाडीचं नाव काढलं नाही. पूर्वी भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणायची, दारातून मला ऐकू यायचं. ते थांबलं. ती आपल्या बापाची लाज बाळगायला लागली, आणि तिचा बाप मी शाळेत माझा म्हणून मिरवत होते.

माझे बाबा ठाण्याहून दर हिवाळ्यात येतात. नातीची शाळा बघायची फार हौस त्यांना. आजी-आजोबांना शाळेत बोलावतात त्या दिवशी मी दरवेळी काही ना काही निमित्त काढते. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसतात आणि मग मुकाट्याने बदलतात.

कधी दुपारी डोळा लागला की मला ती वाडी दिसते. केळीचीच. जसिंताचे पप्पा पाठमोरे, कुदळ हातात. गातात, पाणी वळवतात. मी बांधावर बसलेली असते. मला वाटतं, आता ते मागे वळून बघतील आणि विचारतील, तू कोण गं? पण ते काही वळत नाहीत. पाणी मात्र माझ्या पायांपर्यंत येतं.

आता शेवटचं. गेल्या नाताळला आम्ही नेहमीसारखे जसिंताकडे जेवायला होतो. खिडकीत चांदणी लावलेली, टेबलावर वाफाळता पुलाव. तिच्या नवऱ्याने ईराला म्हटलं, शाळेत काय शिकलीस ते म्हणून दाखव. ईरा खुर्चीवर चढली आणि एक लॅटिन गाणं म्हणायला लागली. जसिंता वाढत होती. तिच्या हातातला डाव थांबला. मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते — ईराच्या एक ओळ पुढे. रेचलने विचारलं, “ममा, यू नो धिस वन?”

“नाही गं बाई. मला कुठलं येतंय.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ईरा खुशीत येऊन म्हणाली, “माय आजोबा युज्ड टू सिंग टू! व्हेन ही वॉज वॉटरिंग द ट्रीज. ममा टोल्ड माय स्कूल. ही सेड, ओन्ली गॉड नोज द मीनिंग.”

मिलिंद हसला, “कोण, बाबा? बाबांनी कधी कुंडीला तरी पाणी घातलंय का?”

जसिंताने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाबांना ती ओळखते. त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो हे तिला माझ्याआधी आठवतं. ती बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मला दिसली — लिफ्ट, ती मेल, स्टूल, माझा हात.

मग तिने डाव उचलला. माझ्या ताटात पुलाव वाढला, नेहमीइतकाच, वर तळलेला कांदाही घातला.

“घे वैशाली,” ती म्हणाली. “गार होतंय.”

मी जेवले. सगळं जेवले.