शिखरांकडे पाठ

पहाटे आम्ही सहलीतले तेवीस जण हिमालयाकडे तोंड करून उभे होतो. आम्हाला घेऊन आलेली स्वाती मात्र शिखरांकडे पाठ करून आमची डोकी मोजत होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीच्या वर्गाला मीच ठासून सांगितलं होतं, "पर्यटनात शिरा, फुकटात जग बघायला मिळेल." तेव्हा मी स्वतः महाबळेश्वरच्या पुढे गेलो नव्हतो. ज्या वाटेवर आपलं पाऊलही पडलेलं नसतं, ती वाट मुलांना दाखवताना आपला आवाज किती चढतो!

पहिलं ऊन बर्फावर उतरलं. तिने ते आमच्या चेहऱ्यांवर पाहिलं.

"कितव्यांदा बघतेस गं हे?" मी विचारलं.

"सहल नववी, सर. पण नेमकं या वेळी कुणीतरी इकडेतिकडे गेलेलं असतं." ती हसली. त्या हसण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

"आज सगळे आहेत. बघ की," मी म्हटलं.

ती शिखरांकडे वळली. तेवढ्यात बायकोने मला कोपर मारलं. "अहो, चहा कधी मिळणार ते तिला विचारा ना."

आणि मी विचारलं.