तासाला हजार रुपये

आमचे उमाशंकर मामा लातूरला आले की घरातली बोली एकदम कपडे बदलायची. एरवी "कामून आलास बे" म्हणणारे आमचे अप्पा "या प्राध्यापक, बसा" म्हणायचे. आई तर सख्ख्या भावाला "चहा घेणार का आपण" असं विचारायची. मामा काहीही बोलायच्या आधी घसा साफ करत आणि म्हणत, "तर मुद्दा असा." भाजीत मीठ कमी असलं तरी मुद्दा असाच.

मामा राज्यशास्त्रात एम.ए., सेट पास. लग्न झालेलं नाही. राहायला नांदेडला, एका खोलीत. शिकवायला उमरीच्या एका कॉलेजात, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. पण या तत्त्वाचा अर्थ आमच्या घरी अप्पांनी लावला होता. अप्पांचं मार्केट यार्डाजवळ सरकी पेंडीचं आणि धान्याचं दुकान आहे. एका लग्नात कुणीतरी मामांना विचारलं, "सर, तासाला किती पडतात?" मामा म्हणाले, "हजाराच्या आसपास." अप्पांनी तिथंच बोटांवर गुणाकार केला. दुकान दहा तास चालतं, तर कॉलेज आठ तरी चालत असणार. रोजचे आठ हजार. महिन्याचे दोन लाख. ही बातमी पंगतीत वरणाच्या बादलीच्या आधी पोचली. मामा समोरच जेवत होते. त्या दिवशी त्यांनी मुद्दा मांडला नाही.

माझी मोठी बहीण अक्षरा बारावी झाली आणि म्हणाली, मला राज्यशास्त्र घ्यायचंय. लातुरात हे बोलणं सोपं नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "नीटला किती गं?" अक्षरा म्हणायची, "दिलीच नाही." त्यावर त्या आवाज खाली आणून "असू दे बाई, असू दे" म्हणायच्या. मयतीला बोलतात त्या आवाजात.

शिवाय तिला इथं नको होतं. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात हवं होतं. तीन वर्षांचे, हॉस्टेल धरून, नऊ लाख. बँक द्यायला तयार होती, पण कर्जावर अप्पांची सही लागत होती.

"ह्यात पैसा हाय का पण?" अप्पा विचारायचे.

"मामांना दोन लाख आहेत की. तुम्हीच हिशोब केला होता."

यावर अप्पा दुकानाची वही उघडायचे. स्वतःचाच गुणाकार खोटा कसा म्हणणार?

अक्षराला तो खरा वाटत होता. आणि मामांशी तिच्याइतकं कुणी बोलतही नव्हतं. रोज संध्याकाळी ती त्यांना फोन लावायची, स्पीकरवर. पलीकडे मामा एकट्यापुरती खिचडी लावत असायचे. राज्यपालानं बहुमत कधी सिद्ध करायला सांगावं यावर दोघं भांडायचे. मधे कुकरची शिट्टी झाली की अक्षरा म्हणायची, "सभागृह तहकूब." मामा लहान पोरासारखे खिदळून हसायचे. तिच्याशी बोलताना ते घसा साफ करत नसत.

अप्पा धान्य घेताना वरचं कधी बघत नाहीत. पोत्यात टोकदार नळी खुपसून मधलं काढतात, तळहातावर घेऊन बघतात, मग भाव बोलतात. डिग्रीचंही त्यांनी तसंच ठरवलं. जुलैत त्यांना नांदेडला काम निघालं. मलाही सोबत घेतलं. आई म्हणाली, "त्याला फोन तर करा." अप्पा म्हणाले, "फोन केला की माल चाळून ठेवतेत."

खोलीला कुलूप होतं. खाली राहणाऱ्या घरमालकीण सिंधुताई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"मास्तर उमरीला गेलेत. येतील आता गाडीनं. तुम्ही कोण म्हणायचं?"

"मी दाजी त्यांचा. लातूरचा."

"व्हय का. बसा की मग." त्यांनी सूप बाजूला केलं. "मला वाटलं कुणी न्हाईच त्यांना. कुणी येतच न्हाई हो."

त्यांनी चहा आणला आणि मग अप्पांना नळी खुपसावीच लागली नाही. पोतं आपोआप ओतत गेलं.

"लई सरळ माणूस. उन्हाळ्यात भाडं तुंबतं, तास नसतेत ना. पण दिवाळीपत्तोर फेडतेत. बुडवत न्हाईत. यंदा तर नेमणुकीची ऑर्डरच न्हाई आली म्हणे अजून. तरी रोज जाऊन फुकट शिकवून राहिले. म्या म्हणलं कामून जाता, तर म्हणतेत, न्हाई गेलो तर दुसऱ्याला देतील."

अप्पांनी बशी ओठाला लावलेली तशीच धरली होती.

मामा आले ते मान खाली घालून. आम्हाला पाहिलं आणि फाटकातच हात जोडून थांबले. "शरणार्थ, दाजी. ताई बरी हाय ना?"

"बरी हाय, बरी हाय. सहज आलतो." सिंधुताईंनी काय सांगितलं, हे अप्पांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

वर खोलीत एक खुर्ची, एक कॉट आणि भिंतीपाशी पुस्तकांची रास. अप्पा खुर्चीवर, मी कॉटवर. मामांना बसायला जागा उरली नाही, ते उभेच राहिले, वर्गात उभे राहावं तसे.

"अक्षरानं बँकेचे कागद आणलेत," अप्पा म्हणाले. "नऊ लाख. मला तर त्यातलं काही कळत न्हाई. घरात ह्या विषयाचे तुम्हीच. तुम्ही हाव म्हणा, उद्या सही करतो. तुम्ही न्हाई म्हणा, न्हाई."

मामांनी घसा साफ केला. "तर मुद्दा असा, की राज्यशास्त्र हा नागरिक घडवणारा विषय आहे. आज प्रशासन, पत्रकारिता, संशोधन अशा अनेक क्षेत्रांत..."

अप्पा कीर्तनाला बसल्यासारखे मान डोलवत होते. त्यांना सगळं आधीच कळलंय, हे मामांना माहीत नव्हतं. मामा आणखी दोन वाक्यं बोलले असते तरी सही झाली असती. पण वाक्य मधेच संपलं. पुढचा आवाज मी तोपर्यंत फक्त स्पीकरवरच ऐकला होता.

"दाजी, माझे आठ तास नसतेत."

"मग?"

"दिवसाला एक. कवा दोन. कवा एक बी न्हाई. सुट्टीचे न्हाईत, परीक्षेचे न्हाईत, उन्हाळ्याचे न्हाईत. वर्षाचे सगळे गोळा करून बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला पंधरा-सोळा हजार पडतेत. ते बी कवा येतील तवा."

"अन् तिचा हप्ता?"

"त्याहून जास्त बसंल."

 अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"विषय घेऊ द्या तिला," मामा म्हणाले. "लई चांगला विषय हाय. पण लातुरात घेऊ द्या. पुस्तकं तीच असतेत. कर्ज नका काढू."

"बरं."

"मी सांगितलं म्हणून नका सांगू." मग मामाच म्हणाले, "न्हाई, सांगा. न्हाईतर तुमच्यावर डूख धरंल ती."

परतीच्या बसमधे अहमदपूर येईपर्यंत अप्पा तिकिटाची घडी घालत-उलगडत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या लग्नात म्या गुणाकार करून राहिलो, अन् हा गडी गुमान जेवत होता." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

अक्षरा रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच विचारलं, "मामा म्हणाले? स्वतः?"

त्या संध्याकाळी फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे आईच कधीतरी लावायची. मामा आईची तब्येत विचारत, अप्पांचं दुकान विचारत, मग "बाकी सगळे?" म्हणून थांबत. आई म्हणायची, "बाकी सगळे बरे हाईत." कुकरची शिट्टी व्हायची आणि दोघं ती संपेपर्यंत गप्प राहायचे. अक्षरा शेजारीच बसलेली असायची.

तिनं लातुरातच बी.ए.ला नाव घातलं. विषय राज्यशास्त्रच. वर्गात पोरं येतात, फी फार नाही, पुण्याचं नाव ती काढत नाही.

दसऱ्याला मामा आले. अप्पांनी "या" म्हटलं आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून "या, या" म्हटलं. मामांनी घसाही साफ केला नाही. जेवले, अप्पांबरोबर सोयाबीनच्या भावाचं बोलले, निघाले. दारात बुटाची नाडी बांधत होते तेव्हा अक्षरा बाहेर आली.

"मामा, रोज बोलत होतो आपण. मला आधी का नाही सांगितलं?"

मामा नाडीच बघत राहिले. "सांगितलं असतं तर तू फोन कशाला केला असतास?"

"केला असता."

"आता तर माहीत हाय तुला. कुठं करतीस?"

अक्षरानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. बाहेर अप्पांनी स्कूटर चालू केली होती, मामांना स्टँडवर सोडायला.

"येतो मग," मामा म्हणाले.

"या," अक्षरा म्हणाली. लांबच्या पाहुण्यांना म्हणतात तसं.