खिळा हाय का?

माझं शुद्धलेखन चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते रेशनच्या फॉर्मवर सही करण्यापुरतं. अक्षरही वाकडं आहे, ओळ सोडून खाली उतरतं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. मधूदादांबद्दल लिहीत आहे, कारण मला तोंडाने सांगता येत नाही. वेळेवर सांगता आलं असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती.

मधूदादा कुठल्याही वाडीत गेले की आधी पडलेल्या झाडाजवळ उकिडवे बसायचे. बोटाच्या पेराने खोडावर टकटक करायचे, कान लावायचे, आणि मग मालकाकडे वर बघून विचारायचे, "झाडाला खिळा हाय का?" मालक हसायचा. मधूदादा हसायचे नाहीत. "लाजू नका. कपडे वाळत घालायला मारला असेल, कंदील टांगायला मारला असेल, नायतर कोणाच्या वाइटावर मारला असेल. मला कारण नको. हाय का न्हाय, एवढंच सांगा."

ते आमचे शेजारी. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमची वस्ती आहे, तिथे कुंपणापलीकडे त्यांचं घर. त्यांच्या घरात होड्या बांधायचं काम होतं. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाची होडी कोणी सांगेना. मधूदादा लोकांची दारं-खिडक्या दुरुस्त करायला लागले. पण एखादं दार बसवून आले की म्हणायचे, "दार काय, उघडतं नि मिटतं. होडी कशी, जाऊन परत येते."

वादळ आलं त्या वर्षी आमच्या सगळ्या वाड्या आडव्या झाल्या. सुपाऱ्या मोडल्या, नारळ पडले, आणि शंभर वर्षांचे फणस-आंबे मुळासकट उलथले. रस्त्यापासून वाडीपर्यंतची वाट एवढी अरुंद की ट्रक आत येत नाही. लाकूड उचलून कापायला वखारीत न्यायचं तर नेण्याचाच खर्च लाकडाहून जास्त. लोक ओंडके तोडून जाळायला लागले. मधूदादा एका ओंडक्यावर बसून ते जळताना बघत होते. घरी येऊन वहिनीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सुमनवहिनीला म्हणाले, "ओंडका वखारीत जात न्हाय, तर वखार ओंडक्याकडे न्यायची."

मग पावसाळाभर पडवीत ठोकाठोक. मोडक्या व्हॅनची दोन चाकं आणली, टायरसकट. लोखंडी अँगल जोडून सांगाडा केला. एका होडीचं जुनं इंजिन भंगारातून मिळालं. दोन चाकांवरून लांब दातेरी पट्टी फिरायची, पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतो तशी. ओंडका जमिनीवर जागेलाच राहायचा, आणि दोन्ही बाजूंना रूळ टाकून हा सगळा गाडा हाताने ढकलत त्याच्यावरून न्यायचा. एका फेरीला एक फळी. वाटेने जाणारे विचारायचे, मधू, विमान कधी उडणार? ते मान वर न करता म्हणायचे, "उडव म्हणशील तर उडवतो, उतरवायला तुझं डोकं लागेल."

पहिल्या दिवशी इंजिन सुरू केलं आणि पट्टी चाकावरून निसटून थेट वहिनींच्या तुळशीजवळ जाऊन पडली. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. ते आठ दिवस मधूदादा वरचं चाक केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे झुकवत बसले. शेवटी पट्टी जागेवर बसली. ती ताणून झाली की नखाने टिचकी मारायचे. "हं, आता बोलली. सैल पट्टी मुकी असते." टिचकीला आवाज आल्याशिवाय त्यांनी इंजिनाची दोरी कधी ओढली नाही. हे मी नीट सांगते, कारण पुढे लोक वेगळं बोलले.

माझी कामं बंद पडली होती. सुपारीच नाही तर सोलणार काय? वहिनींनी मला त्यांच्याबरोबर रोजावर लावलं. माझं काम कापलेली फळी धरून बाजूला ओढायचं आणि बाटली भरत राहायचं. ती सलाइनची रिकामी बाटली होती, दवाखान्यातून आणलेली, गाड्याच्या वर उलटी टांगलेली. तिच्या नळीतून साबणाचं पाणी पट्टीवर थेंब थेंब पडायचं, म्हणजे फणसाचा चीक धरत नाही. ते म्हणायचे, "आजारी माणसाला लावतात ना, तशी हिला लावली. ही पण तापते."

दीड वर्षं आम्ही वाडी-वाडी हिंडलो. कोणाच्या आंब्याची चौकट झाली, कोणाच्या फणसाचा देव्हारा. मी कोणाशी बोलत नसे, जेवायलाही लांब बसत असे. त्यांनी त्यावरून कधी चेष्टा केली नाही. उलट एकदा एका मालकाला म्हणाले, "ही बाय दिवसात चार शब्द बोलते. पण चारी खरे असतात." पहिल्या ओंडक्याच्या उरलेल्या तुकड्याचा त्यांनी मला पाट करून दिला. अजून आहे. मी त्यावर बसत नाही.

लाकूड वाचायलाही त्यांनीच शिकवलं. फणसाचं लाकूड पिवळं असतं, हळदीसारखं. त्यात कुठे निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे, पट्टी थांबवायची. खिळा वरून दिसत नाही, झाड त्याला गिळून टाकतं, पण डाग लपत नाही. "लोखंड लाकडात शाई सोडतं," असं म्हणायचे.

आमच्या मागच्या दारचा फणसही वादळात पडला होता. तो शेवटी कापायचा ठरला. त्या फणसाबद्दल लिहिताना माझा हात थांबतो. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा सासूबाईंनी एका भगताला आणलं होतं. त्याने मला त्या फणसासमोर उभं केलं, आणि माझ्यामागे जे काही लागलं आहे ते माझं नाव घेऊन झाडात खिळलं. सात खिळे. कोणाला सांगितलं तर सुटेल, असं बजावून गेला. मूल काही झालं नाही, पुढे नवराही वारला. खिळे राहिले.

मधूदादांनी टकटक केली, कान लावला. मग मला विचारलं, "बाय, खिळा हाय का?" सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "न्हाय."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. इतरांना दोन-तीनदा विचारायचे. पट्टी ताणली, टिचकी मारली. ती वाजली. मी ऐकली.

तिसरी फळी मी ओढली तेव्हा तिच्यावर डाग होता. तळहाताएवढा, निळा-काळा. तेव्हाही मी ओरडू शकले असते. गाडा दुसऱ्या टोकाला होता, तो मागे आणून पुढच्या फेरीला लावेपर्यंत वेळ होता. मी फळी उलटी करून ठेवली.

पट्टी तुटली तेव्हा मोठा आवाज झाला नाही. चाबूक फिरल्यासारखा झाला, एवढंच. चाकांवर पत्र्याचं झाकण होतं म्हणून ते वाचले, पण तुटलेलं टोक खालून आलं आणि उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. टॉवेल हाताला गुंडाळून ते उभे होते. कापलेल्या ओंडक्यावर खिळ्याची तोंडं नव्या नाण्यासारखी चमकत होती. त्यांनी ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. आणि माणसं धावत यायच्या आत पायाने भुसा त्यावर ओढला.

रिक्षात बसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पट्टी सैल राहिली. चूक माझी."

त्यानंतर कोणी त्यांना बोलावलं नाही. घरी केलेल्या यंत्राचं असंच होणार, असं लोक म्हणाले. आज हात गेला, उद्या कोणाची मान जाईल, असंही म्हणाले. होडी बांधणारा माणूस, पण त्या हातात लाकूड तासायचा वाकस धरता येईना. गाडा अंगणात पत्र्याखाली गेला. मधूदादा सकाळी त्याच्याजवळ बसायचे आणि डाव्या नखाने चाकावर टिचक्या मारायचे. पट्टीच नव्हती, आवाज कुठून येणार.

दवाखान्याच्या खर्चासाठी वहिनींनी पाटल्या गहाण ठेवल्या, चोवीस हजाराला. हे पैसे मी द्यायचे असं मी ठरवलं. सुपारी सोलायची कामं पुन्हा सुरू झाली होती, सुकी मासळी निवडायलाही जात होते. घरात कळू न देता पाचशे जमले तेव्हा घेऊन गेले. ओट्यावर ते एकटेच होते. माझ्या हातातल्या नोटा बघून त्यांनी हात पुढे केला नाही.

"वहिनीकडे दे. झाड आमचं होतं म्हणून देते, असं सांग. बाकी बोलू नको." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुझी सासू तुला घरात ठेवायची न्हाय."

मी रडायला लागले. ते समुद्राकडे बघत म्हणाले, "ओंडका बघून आलो मी. सात मोजले. कोणाच्या नावाचे ते मी विचारत न्हाय, बाय. मी कारण विचारत नसतो."

मला वाटलं, ते शिव्या देतील तर बरं होईल. त्यांनी दिल्या नाहीत.

दोन वर्षांनी, गेल्या थंडीत, छातीत कफ होऊन ते गेले. त्यांच्या चितेला वखारीतून विकतची लाकडं आणली. पत्र्याखालचा गाडा अंगणातच होता, माणसं त्याला वळसा घालून उभी राहिली. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, कारागीर चांगला होता, पण त्या यंत्रात चुकला. तेव्हाही मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

सासूबाई या वैशाखात गेल्या. आता मला घराबाहेर काढणारं कोणी नाही.

काल शेवटचे सातशे रुपये घेऊन गेले. सुमनवहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी नोटा घेतल्या, आणि मी पहिल्यांदा खाली न बघता बोलले. "वहिनी, पट्टी सैल नव्हती. मी वाजताना ऐकली. आमच्या फणसात खिळे होते, मला ठाऊक होतं, आणि मी न्हाय म्हणाले. दादांना कळलं होतं."

वहिनींचा हात सुपात तसाच राहिला. त्यांनी अंगणातल्या गाड्याकडे पाहिलं.

"मी बोलले गं त्यांना," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत बोलले. पाणी मागितलं तरी बोलले, की पट्टी नीट ताणली असती तर आज स्वतःच्या हाताने प्यायला असतात."

मी विचारलं, ते काय म्हणायचे.

"काय म्हणणार? व्हय म्हणायचे."

मग त्यांनी नोटा मांडीवर सरळ केल्या, एकेक करून मोजल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पैसे सगळे आले."